मांजऱ्या लागला तो उन्हाळा

शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी आली की आमच्या गल्लीतल्या बायका आधी दोरीवरचे कपडे काढतात. धडधडाट सुरू झाला की तासाभरात गच्च्या, कुंड्या, स्कूटरच्या सीटा, सगळं भुकटीनं भरून जातं. या एप्रिलमध्येही तसंच झालं. मी नववीचे पेपर तपासत बसले होते. खिडकी लावायला उठले आणि कठड्यावरच्या धुळीवरून सवयीनं बोट फिरवलं. सकाळपासून काळसर राखाडी धूळ येत होती. आता तिच्यात हिरवट झाक होती आणि मध्येच मिठाच्या कणासारखं काहीतरी चमकत होतं. मी चपला घालून खाली गेले आणि मशीनवाल्याला विचारलं, "मांजऱ्या लागला का?"

त्यानं तोंडावरचा रुमाल खाली ओढला. "मॅडम, तुम्हाला कसं कळलं?"

काय सांगणार? हसून वर आले. पेपर तसेच पडून राहिले, आणि मी मात्र मखमलाबादच्या आमच्या मळ्यात जाऊन पोचले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरच्या एका उन्हाळ्यात. विहीर खणली गेली तो उन्हाळा. माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा उन्हाळा.

आमच्याकडे विहीर खोदणारी माणसं खडकाला त्याच्या स्वभावावरून हाक मारतात. वरचा भुसभुशीत तो मुरूम. सुरुंगाशिवाय ऐकत नाही तो काळा पाषाण. आणि अंगभर पांढरे-हिरवे ठिपके असलेला, पहारीखाली सहज निघणारा, तो मांजऱ्या. हे नाव का पडलं ते मला कुणी नक्की सांगितलं नाही. ठिपक्यांमुळे असेल. किंवा अंगाला मऊ लागतो आणि कधी नखं काढेल त्याचा नेम नाही, म्हणूनही असेल.

दगडांचा अभ्यास करायचा असं काही मी ठरवलं नव्हतं. बारावीला मार्क बेताचेच पडले. शहरातल्या कॉलेजात प्रवेशाला गेले तेव्हा हवे ते विषय भरून गेले होते. खिडकीतला क्लार्क म्हणाला, "भूगर्भशास्त्राला जागा आहे. टाकू का?" शेजारी अण्णा, माझे वडील, उभे होते. पहाटे फुलबाजारात क्रेट उतरवून ते तसेच आले होते, सदऱ्याला झेंडूचा वास. त्यांनी क्लार्कला विचारलं, "त्यात काय शिकवतात?"

"दगड, माती, खनिजं."

"दगड?" अण्णा माझ्याकडे वळले. "ते तर आपल्या रानात फुकट हायेत की गं."

पण सही केली. आमच्या मळ्यातल्या माणसांची ही एक चांगली गोष्ट. चेष्टा करतील, पण सही करतील.

भालेराव सर पहिल्यांदा वर्गात आले ते हातात एक दगड घेऊन. उंच, किडकिडीत माणूस. दगड ठेवून ठेवून कोटाचे खिसे लोंबलेले. विद्यार्थ्यांनाही ते अहो-जाहो करत. आम्हाला, म्हणजे वर्गातल्या आम्हा तीन मुलींना, त्याची इतकी सवय नव्हती की पहिल्या आठवड्यात कुणी उत्तरच देईना. सरांनी तो दगड माझ्या हातात दिला आणि विचारलं, "अलकाबाई, हा दगड जिवंत आहे का मेलेला?"

मी म्हटलं, "मेलेला."

"का?"

"लाव्हा थंड झाला की संपलं ना, सर?"

"नाही संपत." सर खुर्ची ओढून आमच्या बाकासमोर बसले. गोष्ट सांगायला बसावं तसे. लाव्हारस पसरतो तेव्हा त्यात वायूचे बुडबुडे असतात. रस गोठतो आणि ते बुडबुडे आतच अडकतात, जाळीदार धिरड्यासारखे. त्याच्यावर दुसरा थर येतो, तिसरा येतो. पावसाचं पाणी भेगांमधून खाली झिरपतं, खालच्या उष्णतेनं तापतं आणि दोन थरांमध्ये कोंडून राहतं. त्याला बाहेर पडायला वाट नाही. मग ते काय करतं? ज्या खडकात कोंडलंय त्यालाच आतून शिजवतं. कुठून चुना काढतं, कुठून सोडा, कुठून सिलिका, आणि रिकाम्या बुडबुड्यांमध्ये नेऊन ठेवतं. तिथे हळूहळू स्फटिक धरतात. आणि ज्या खडकातून हे सगळं काढून नेलं, त्याच्या मूळच्या खनिजांची होते हिरवी, चिकट माती. "वरून बघाल तर दगडच दिसतो," सर म्हणाले. "आतून तो केव्हाच दुसरा कोणीतरी झालेला असतो."

त्या वयात असली वाक्यं वहीत उतरवून घ्यायची असतात, कळायची नसतात. मीही उतरवून घेतलं.

दुसऱ्या वर्षी सरांनी आम्हाला पांडवलेणीच्या डोंगराकडच्या एका खडीच्या खाणीत नेलं. लाल बसमधून उतरून उन्हात चालत गेलो. खाणीतल्या कामगारांनी माठातलं पाणी दिलं आणि एकानं आदल्या दिवशी उघडी पडलेली पोकळी दाखवली. काळ्या कभिन्न भिंतीत हात जाईल एवढा कोनाडा, आणि आत मोरपिशी हिरवे, टोकदार, लख्ख खडे. मी श्वास घ्यायची विसरले. आजही कुणी मला सौंदर्य म्हणजे काय असं विचारलं, तर मला तो कोनाडा आठवतो आणि त्यात डोकावताना मानेवर बसलेला उन्हाचा चटका.

पण पुढे माझ्या कामी आला तो हिरवा खडा नव्हे. कामी आली प्रयोगशाळेतली एक अगदी बिनरंगी दुपार. सरांनी दोन काचपात्रं घेतली, दोन्हींत पाणी. एकात काळ्या पाषाणाचा तुकडा टाकला, दुसऱ्यात मांजऱ्याचा. "उद्या बघू," म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी पाषाण होता तसाच होता. मांजऱ्याच्या जागी तळाशी हिरवट गाळ. "जर्नलमध्ये लिहा," सर एवढंच बोलले.

तर तो उन्हाळा.

जुन्या विहिरीनं त्या वर्षी फेब्रुवारीतच तळ दाखवला. शेवंती संपली होती, गुलाब तग धरून होते. आई सकाळी घागरीनं एकेका झुडपाला पाणी घालायची, लहान मुलाला भरवावं तसं. अण्णांनी बांधाच्या वरच्या अंगाला नवी विहीर धरली आणि खोदायला येवल्याकडची एक टोळी आली. टोळी म्हणजे शंकर मुकादम, त्याची बायको कौसल्याबाई, शंकरचा धाकटा भाऊ भीमा, त्याची बायको आणि आणखी दोन जोडपी. बांधावरच्या उंबराखाली त्यांनी पालं ठोकली. विहिरीच्या काठावर यारी उभी राहिली. डिझेल इंजिनावर चालणारा, खालचा दगड डब्यातून वर ओढून काढणारा तो लोखंडी सांगाडा. आणि यारी चालवायला मुकादम नव्हता, कौसल्याबाई होती.

चाळिशीची असेल. रापलेला चेहरा, कपाळावर गोंदण, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. इंजिनाचं हँडल मारायची तेव्हा तिच्या दंडाकडे बघत राहावं. खाली उतरलेल्या माणसांचा जीव तिच्या हातातल्या दोरावर असायचा आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. काम चालू असताना ती कुणाशी बोलत नसे. शंकर काहीतरी विचारायचा, तरी डोळे विहिरीतच.

मी त्याच उंबराखाली अभ्यासाला बसायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याशेजारी टेकली आणि पुस्तकातल्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्ये काय हाय?"

"दगडाचा काप आहे. भिंगातून बघितला तर असा दिसतो."

"दगड शिकती तू? कालिजात?" ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "ये हिकडं. तुला मी शिकवते."

तिनं पहार उचलली आणि वर काढलेल्या ढिगातल्या एका काळ्या दगडावर मारली. खणकन आवाज झाला. "ह्यो पक्का. ह्यो बोलतो." मग मुरमाजवळच्या एका पिवळट धोंड्यावर मारली. धप्प. "ह्यो बोलत नाय. गिळतो. जो दगड आवाज गिळतो ना, त्येच्याखाली बसायचं नाय."

मी ते जर्नलमध्ये लिहिलं नाही. आता वाटतं, लिहायला हवं होतं.

एप्रिल उजाडला. माझे पेपर सुरू झाले. एक दिवसाआड सकाळी बसनं शहरात जायचं आणि दुपारी उन्हात परत. इकडे चाळीसेक फुटांवर पाषाण संपला आणि विहिरीला मांजऱ्या लागला. सगळ्यांना हायसं वाटलं. सुरुंगाचा ताप गेला, पहारीनं काम होऊ लागलं, दिवसाला भराभर खोली वाढायला लागली. खालच्या भिंतीतून ओलावाही दिसत होता. अण्णा संध्याकाळी काठावर उभे राहून खाली बघायचे आणि घरी येऊन आईला म्हणायचे, "आता लागंल बघ पाणी. चारपाच दिवसांत."

मी डब्यातून वर आलेला एक तुकडा हातात घेतला. अंगभर पांढरे डोळे, आणि डोळ्यांभोवती हिरवी, साबणासारखी गुळगुळीत माती. नखानं खरवडली तर निघत होती. सरांचं काचपात्र आठवलं.

घरी येऊन मी स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं आणि तुकडा टाकला. रात्री बघितलं, तसाच. सकाळी बघितलं, तसाच. अण्णा चहा पिताना म्हणाले, "काय, विरघळला का तुझा दगड?" सगळे हसले. मीही हसले, पण आतून खजील झाले. तीन वर्षं शिकून एक साधी गोष्ट धड बघता येत नाही मला, असं वाटलं.

पुढच्या पेपरचा अभ्यास करताना दोन दिवसांनी लक्षात आलं. सरांनी प्रयोगशाळेत टाकलेला तुकडा कपाटातला होता, कैक महिने वाळलेला. माझा तुकडा विहिरीतून ओलाच आला होता. जमिनीत लाखो वर्षं ओल धरून बसलेली ती माती ओली आहे तोवर तग धरते. खरा घात होतो तो एकदा वाळून पुन्हा भिजली तर. आणि विहिरीची भिंत आता रोज दुपारी वैशाखासारख्या उन्हात वाळत होती.

मी दुसरा तुकडा आणला आणि पडवीच्या पत्र्यावर ठेवला. तीन दिवस तो तिथे तापला. चौथ्या दिवशी दुपारी पेल्यात टाकला. आधी बारीक बुडबुडे आले, सुरसुर असा आवाज आला. मग एक कड सुटली. मग मधून चीर गेली. आईनं चुलीवर ठेवलेला चहा उकळून गाळेपर्यंत तुकड्याचा चिखल झाला होता.

पेला घेऊन मी तशीच विहिरीवर धावले. अण्णा आणि शंकर मुकादम काठावर बोलत होते. मी पेला दाखवला, भराभर सांगितलं, श्वास लागला होता. अण्णांनी ऐकून घेतलं. मग आभाळाकडे हात केला. "ढग दिसतोय का कुठं? पावसाला दीड महिना हाय. तोवर पाणी लागंल, आतून दगडाचं कडं बांधून होईल. तू पेपराचं बघ."

त्यांचं चुकत नव्हतं. झुडपं डोळ्यांदेखत मरत होती आणि पाणी हाताच्या अंतरावर आलं होतं. शंकरही सौम्यपणे म्हणाला, "ताई, वीस वरसं झाली मला ह्या धंद्यात. मांजऱ्या काय आज बघतोय का?"

कौसल्याबाई यारीपाशी होती. तिनं इंजिन बंद केलं, आली आणि माझ्या हातातून पेला घेतला. तळाशी बोटं घालून तिनं तो चिखल अंगठ्यानं चोळला. वास घेतला. दोघे पुरुष बांधाकडे निघून गेले तरी ती तिथेच उभी.

"तुला नक्की ठावं हाय का पोरी, भित्ताड पडंल म्हणून?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलवेना. "नक्की नाही माहीत. भीती वाटते फक्त."

"मलाबी वाटती. मांजऱ्या लागल्यापास्नं वाटती." तिनं पेला परत दिला. "पण का वाटती ते मला सांगता येत नव्हतं. तू सांगितलं."

पेपर चालू असताना मनात दोन घड्याळं चालतात, एक परीक्षेचं आणि एक घरचं. शेवटच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी घरच्या घड्याळानं ठोका दिला. चार-साडेचारला वारं सुटलं, पत्रे वाजले, आणि अर्धा तास अवकाळी पाऊस बरसला. गारांसकट. आई गुलाबांवर गोणपाट टाकायला धावली. अर्ध्या तासानं आभाळ असं स्वच्छ झालं, जणू काही घडलंच नाही.

सकाळी लवकर निघाले. बस गाठायला विहिरीवरूनच वाट होती. भीमा आणि त्याची बायको पहारी आणि पाट्या गोळा करत होती. शंकर इंजिनात डिझेल ओतत होता. मी थांबले. नक्की माहीत नसलेली गोष्ट किती वेळा सांगायची? कौसल्याबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "जा तू. पेपर लिही जा."

त्या पेपरात कोणते प्रश्न होते ते मला आज आठवत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी विचारलं असतं तरी आठवले नसते. पुढे निकालात त्या विषयाला काठावर पास झाले होते, एवढं खरं.

दुपारी बसमधून उतरले तर आमच्या मळ्याकडे माणसं चालली होती. कुणीतरी म्हणालं, "विहीर ढासळली." मी पळत सुटले. चप्पल कुठे गेली कळलं नाही. बांधावर गर्दी, धूळ अजून हवेत, यारी तिरकी झालेली. आई उंबराच्या बुंध्याशी डोक्याला हात लावून बसलेली दिसली. मी माणसं मोजायला लागले. शंकर. एक जोडपं. दुसरं जोडपं. भीमाची बायको पदरात तोंड खुपसून रडत होती. भीमा? भीमा कुठाय?

भीमा पाण्याची घागर घेऊन पालातून येत होता.

मग मला दिसली कौसल्याबाई. जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीवर इंजिनाचं हँडल होतं, दोन्ही हातांनी धरलेलं.

झालं होतं ते असं. मी बसकडे वळले आणि तिनं हँडल काढून घेतलं. हँडलाशिवाय इंजिन लागत नाही, इंजिनाशिवाय यारी हलत नाही. ती हँडल मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, आज कुणी खाली उतरायचं नाय. शंकर चिडला. अण्णा आले, तेही चिडले, "बाई, पाणी हाताशी आलंय आणि तू दिवस घालवती!" तिनं कुणाशी वाद घातला नाही. "अंगात आलंय समजा," म्हणाली, "न्हायतर डोकं फिरलंय समजा. आजचा दिस नाय म्हंजी नाय." शंकर तिच्या हातातून हँडल ओढायलाही गेला होता. तिनं सोडलं नाही. अखेर तोही बसला. भाकरी खायची वेळ झाली, सगळे उंबराखाली जेवत होते, तेव्हा आधी खडे निसटल्यासारखा बारीक आवाज आला, आणि मग वरच्या अंगाची अख्खी बाजू, पाषाणाखालची मांजऱ्याची सगळी भिंत, पाषाणाला घेऊनच खाली बसली. जिथे एरवी भीमा आणि त्याची बायको दगड भरत असायची, तिथे.

मी कौसल्याबाईपाशी जाऊन बसले. तिनं हँडल बाजूला ठेवलं आणि माझा हात हातात घेतला. तिचा तळहात थंडगार होता. इतक्या उन्हात.

"कसा गेला पेपर?" तिनं विचारलं.

त्या संध्याकाळी अण्णा आईला म्हणाले, सगळ्यांचं जेवण आपल्याकडे. पडवीत पंगत बसली आणि अण्णांनी पिठलं-भाकरी स्वतः वाढली, वाकून, प्रत्येकाच्या ताटात. कौसल्याबाईच्या ताटाशी आले तेव्हा वाढायचे थांबले आणि त्यांनी हात जोडले. ती इतकी अवघडली की तिनं पदर पुढे ओढला. सगळं आटोपल्यावर ते माझ्याकडे आले. "तो पेला धुतला नाहीस ना?"

"नाही."

"धू नको."

पुढे महिनाभर जो कुणी विहीर बघायला येई, त्याला अण्णा घरातून पेला आणून तळाचा वाळका चिखल दाखवत. "आमच्या पोरीनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही," असं स्वतःच सांगत. आपली चूक चारचौघांत इतक्या सहजपणे सांगणारा माणूस मला नंतर फारसा भेटला नाही. भिंत उतरती करून कडं बांधायला पूर्ण मे गेला. बरेचसे गुलाब त्यात गेले. पण पाणी लागलं, आणि ते गोड होतं.

मलबा उपसताना ढासळलेल्या भिंतीत एक पोकळी उघडी झाली. तिच्यात हिरवा खडा होता, मुठीएवढा, चारी बाजूंनी टोकाकडे निमुळता, पाण्यासारखा आरपार. कौसल्याबाईनं तो पदरात गुंडाळून घरी आणला. "तुझ्या सरास्नी दे," म्हणाली. "पाण्यात दगड टाकून बघायला ज्यांनी शिकवलं, त्यास्नी."

मी म्हटलं, "तुम्हाला सापडलाय. तुम्ही ठेवा."

"मी कुठं ठिवू? पालात?" ती हसली. "आमचं बिऱ्हाड म्हंजी आज हितं, उद्या तिथं."

भालेराव सरांना मी सगळी हकिगत सांगितली. ते खडा उजेडात धरून ऐकत होते. मग म्हणाले, "अलकाबाई, हा खडा ज्या पाण्यानं घडवला, त्याच पाण्यानं ती भिंत पोकळ केली. मी इतकी वर्षं खडाच जास्त कौतुकानं दाखवत आलो." त्यांनी टेबलाच्या खणातून नमुन्याची चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे सरकवली. मी खनिजाचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि 'नमुना कोणी मिळवला' या रकान्यात माझं नाव लिहायला लागले. सरांनी पेनवर बोट ठेवलं. "सापडला कोणाला?"

मी नवी चिठ्ठी घेतली. कौसल्याबाई शंकर धोत्रे, विहीर, मखमलाबाद.

ती टोळी जूनच्या आधी निघून गेली आणि मग वर्षांमागून वर्षं गेली. मी बी.एड. केलं, लग्न झालं, सातपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. माझ्या वर्गातल्या मुलींचे वडील कारखान्यात पाळ्या करतात. पालकसभेला यायला त्यांना जमत नाही, म्हणून आज्या येतात. गेल्या वर्षी अशाच एका सभेत नातीचं प्रगतिपुस्तक घ्यायला एक म्हातारी समोर येऊन बसली. केस पांढरे, पाठीला बाक, पण कपाळावर तेच गोंदण. मी हजेरीपट बघितला. धोत्रे.

"कौसल्याबाई?"

तिनं डोळे बारीक केले. तिला ओळख पटायला वेळ लागला आणि पटली तेव्हा तिनं टेबलावरून माझा चेहराच दोन्ही हातांत धरला. मागच्या रांगेतल्या आज्या बघत राहिल्या. शंकर मुकादम वारले होते. मुलगा इथल्याच एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. विहिरींचं काम बोअरवाल्यांनी केव्हाच संपवलं होतं. भीमाला तीन मुलं होती. थोरलीचं लग्न ठरलं होतं.

"तीन," ती पुन्हा म्हणाली आणि बोटं दाखवली.

गेल्या रविवारी, पेपरांचा गठ्ठा तसाच ठेवून, मी तिला घेऊन माझ्या जुन्या कॉलेजात गेले. भालेराव सर निवृत्त होऊन आता पुण्याला लेकीकडे असतात. त्यांना फोन केला होता, त्यांनी विभागात सांगून ठेवलं होतं. शिपायानं संग्रहाची खोली उघडून दिली. तिला जिना चढायला वेळ लागला. प्रत्येक पायरीवर थांबून ती म्हणायची, "लय मोठी शाळा हाय गं तुझी."

काचेच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर, तो हिरवा खडा होता. त्याच्याखालची चिठ्ठी पिवळी पडली होती, पण शाई शाबूत होती. मी काचेवर बोट टेकवलं. "हे बघा. हे तुमचं नाव. कौसल्याबाई. हे शंकर. हे धोत्रे."

ती काचेला अगदी नाक लागेल इतकी वाकली. आपल्या नावावरून, वाचता न येणाऱ्या त्या अक्षरांवरून, काचेबाहेरूनच तिनं बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा. मग माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू.

"दगडाखाली माणसाचं नाव मेल्यावर लिवतात ना गं?" ती म्हणाली. "मी तर जित्ती हाय."

"हो," मी म्हटलं. "जित्ती आहात."